माझ्या घरची कृती, मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात : पाककृती लेखनाचा एक पाठ



सहावी-सातवीच्या वर्गात ‘सूचनालेखन’ शिकवायची वेळ आली की आपण मुलांना काय देतो? ‘ग्रंथालयाचे नियम लिहा’, ‘सहलीच्या सूचना लिहा’. मुलं लिहितात, आपण तपासतो, लाल शाईने बरोबरची खूण करतो आणि वही मिटते. त्या सूचना वाचून कुणी काही करणार नसतं, हे मुलांनाही माहीत असतं. मग त्या नीट लिहिल्या काय आणि अर्धवट लिहिल्या काय, फरक कुणाला पडतो?

म्हणून आज एक वेगळा पाठ मांडते आहे. प्रत्येक मुलाने आपल्या घरातला आवडता पदार्थ निवडायचा, त्याची कृती लिहायची आणि वर्गातल्या एका मित्राला किंवा मैत्रिणीला द्यायची. त्या मित्राने ती कृती वाचून, घरच्या मोठ्या माणसाच्या मदतीने, पदार्थ खरोखर करून पाहायचा. जमला तर लेखन जमलं. नाही जमला, तर कुठे अडलं ते शोधून कृती पुन्हा लिहायची. एवढाच पाठ आहे. पण त्यात भाषा येते, गणित येतं, परिसर अभ्यास येतो आणि आपल्या भिवंडीसारख्या गावात आणखीही एक गोष्ट येते. तिच्याविषयी आधी बोलू.

भिवंडीतच हा पाठ का?

आपलं गाव कामवारी नदीकाठचं, यंत्रमागाचं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७ लाखांच्या वर होती. इथे मूळचे आगरी, कोळी, कुणबी आहेत, कोकणी मुसलमान आहेत. उत्तर प्रदेशातून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेले मोमीन-अन्सारी विणकर आहेत. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आहेत. तालुक्यातल्या पाड्यांवर वारली आणि कातकरी कुटुंबं आहेत. मागावर काम करायला दरवर्षी नवी माणसं येतात, ती वेगळीच. एका रस्त्यावर मराठी शाळा, पुढच्या वळणावर उर्दू शाळा, आणखी थोडं पुढे तेलुगू बोलणारी वस्ती. एकाच वर्गात चार घरभाषा असणं इथे नवलाचं नाही.

पण मधल्या सुट्टीत नीट बघा. डबे उघडतात तेव्हा गट आपोआप पडतात. कुणी उपास करतं, कुणी शाकाहारी, कुणी हलाल असेल तरच खाणार. हे ज्याच्या त्याच्या घरचं आहे, त्यात शाळेने ढवळाढवळ करायचं कारण नाही. काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. सुक्या जवळ्याचा वास येतो म्हणून एखादं मूल डबा अर्धवट उघडून, झाकणाआड खातं. नाचणीची भाकरी काळी दिसते म्हणून एखादी मुलगी डबाच आणत नाही. आपल्या घरचं जेवण लपवायची सवय लागलेलं मूल हळूहळू आपली भाषा लपवतं, आपली वस्तीही लपवतं.

१९८४ च्या दंगलीची आठवण आपल्या गावातल्या मोठ्या माणसांना आहे. त्यानंतर १९८८ पासून इथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वेगवेगळ्या वस्त्यांतली साधी माणसं नियमाने एकत्र बसू लागली, एकमेकांना नावाने ओळखू लागली. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. मोठ्यांनी जे बैठकीत बसून केलं, ते मुलांनी वहीच्या पानावर करायला काय हरकत आहे? डबा सगळीकडे जाऊ शकत नाही. कृतीची चिठ्ठी मात्र कुठल्याही घरात जाऊ शकते. तिला सोवळं-ओवळं नाही, आणि घरच्या नियमांप्रमाणे त्या पदार्थात बदल करायची मोकळीकही असते.

पाठाची आखणी : ४ तासिका

पहिली तासिका : शब्द गोळा करणे

फळ्यावर एकच प्रश्न लिहा : ‘स्वयंपाक करताना हात काय काय करतात?’ पहिल्या दोन मिनिटांत ‘कापतात, शिजवतात, तळतात’ एवढंच येईल. मग मुलांना घरी ऐकलेले शब्द आठवायला सांगा. यादी वाढत जाते :

निवडणे, पाखडणे, चाळणे, कांडणे, कुटणे, वाटणे, किसणे, खोवणे, सोलणे, चिरणे, मळणे, तिंबणे, थापणे, लाटणे, भाजणे, परतणे, वाफवणे, उकडणे, आटवणे, घोटणे, ढवळणे, मुरवणे, विरजणे.

आता एकेका जोडीतला फरक विचारा. भाजणे आणि परतणे यांत काय फरक? वाटणे आणि कुटणे? नारळ खोवतात, गाजर किसतात, असं का? मळणे आणि तिंबणे? ही चर्चा रंगते, आणि एरवी न बोलणारी मुलंमुली इथे बोलतात, कारण घरात भाकरी थापायला मदत करणाऱ्या मुलीला हे शब्द वर्गातल्या पहिल्या नंबरापेक्षा जास्त ठाऊक असतात.

दुसरी यादी ‘झालं हे कसं ओळखायचं’ याची करा. आपल्या भाषेत याला सुरेख शब्द आहेत : खमंग वास सुटेपर्यंत, गुलाबी रंगावर, तूप सुटेपर्यंत, कच्चा वास जाईपर्यंत, एकतारी पाक होईपर्यंत. डोळे, नाक, बोटं सगळ्यांना काम देणारी ही भाषा आहे.

मुलांच्या घरच्या बोलीतला, उर्दूतला, तेलुगूतला शब्द आला तर तो खोडू नका. फळ्यावर शेजारी लिहा. ‘शीर खुर्मा’ हे नाव घ्या. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. नावातच अर्धी कृती आली.

दुसरी तासिका : पहिला खर्डा आणि वाचकाचे प्रश्न

घरी विचारून येऊन मुलांनी कृती लिहायची. पहिला खर्डा साधारण असा येतो :

‘वाल भिजत घालायचे. मोड आले की सोलायचे. मग फोडणीला टाकायचे. पाणी टाकून शिजवायचे. नारळ, गूळ, आमसूल टाकायचं. झालं बिरडं.’

लिहिणाऱ्याला यात काही चुकलंय असं वाटत नाही, कारण बिरडं त्याच्या डोळ्यासमोर आहे. आता हा कागद अशा मुलाच्या हाती द्या, ज्याच्या घरी बिरडं कधीच होत नाही. त्याने उत्तर नको, फक्त प्रश्न लिहायचे :

• किती वाल? किती माणसांसाठी?
• भिजवायचे किती तास? मोड कसे आणायचे?
• सोलायचे कसे? सुरीने?
• फोडणीत काय काय?
• पाणी किती?
• शिजलं हे कसं कळणार?
• आमसूल आधी घालायचं की शेवटी? का?

हे प्रश्न शिक्षकाने विचारले तर मुलांना ते ‘चुका काढणं’ वाटतं. मित्राने विचारले की ती खरी गरज वाटते. लेखनातली सगळ्यात अवघड गोष्ट इथे मुलांच्या लक्षात येते : मला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही, आणि ते मी सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही.

दुसरा खर्डा मग असा होतो :

‘४ माणसांसाठी १ वाटी कडवे वाल घे. सकाळी धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाल. रात्री पाणी काढून टाक आणि वाल ओल्या फडक्यात बांधून ठेव. दुसऱ्या दिवशी मोड दिसतील. थंडी असेल तर अर्धा दिवस जास्त लागतो. मोड आलेले वाल १५ मिनिटं कोमट पाण्यात ठेव. मग एकेक वाल दोन बोटांत धरून दाब, साल सुटून डाळिंबी बाहेर येते. कढईत २ चमचे तेल तापव. मोहरी तडतडली की हिंग, हळद घाल. चिरलेला कांदा गुलाबी होईपर्यंत परत. डाळिंब्या घालून हलक्या हाताने हलव. १ चमचा तिखट घाल. डाळिंब्या बुडतील एवढं गरम पाणी घालून झाकण ठेव आणि मंद आचेवर शिजव. एक डाळिंबी बोटांत धरून बघ. दाबली की मोडायला हवी, पण भुगा व्हायला नको. आता मीठ, सुपारीएवढा गूळ, २ आमसुलं आणि मूठभर ओलं खोबरं घालून एक उकळी काढ. आमसूल आधी घालू नकोस. आंबटपणामुळे डाळिंब्या लवकर शिजत नाहीत.’

दोन्ही खर्डे शेजारी शेजारी भिंतीवर लावा. ‘सविस्तर लिहा’ म्हणजे काय, हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

व्याकरणही इथेच घ्या. वरची कृती मैत्रिणीसाठी आहे, म्हणून ‘घे, घाल, परत’. हीच कृती मैत्रिणीच्या आजींसाठी लिहायची असेल तर? ‘घ्या, घाला, परता’. जुन्या पुस्तकांत ‘घालावे, परतावे’ असतं. आई तोंडी सांगते तेव्हा ‘घालायचं, परतायचं’ म्हणते. आज्ञार्थ, विध्यर्थ आणि बोलीतलं रूप, तिन्ही एकाच पदार्थात शिकवून होतात. मुलांना एकच कृती दोन वाचकांसाठी लिहायला सांगा.

तिसरी तासिका : मापं आणि गणित

घरात ‘अंदाजे घाल गं’ असं सांगतात. हा अंदाज वर्षांनुवर्षांच्या हाताचा असतो. तो कागदावर कसा उतरवायचा? मुलांना घरी एक काम द्या. आई, बाबा किंवा आजी जेव्हा ‘मूठभर’ पीठ घेतील, तेव्हा ते आधी वाटीत ओतून बघायचं. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, सुपारीएवढा, लिंबाएवढा, बोटाच्या पेरापर्यंत पाणी, या सगळ्यांची वाटी-चमच्यात नोंद करायची. दोन घरांतली मूठ सारखी भरते का, ते वर्गात ताडून बघा.

हा प्रश्न मोठ्या लेखिकांपुढेही होताच. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये आलं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि लग्नाच्या रुखवतापासून परदेशी जाणाऱ्या मुलाच्या बॅगेपर्यंत पोचलं. त्याचं एक कारण अगदी साधं आहे : त्यात वाटी-चमच्याची, घरात असलेली मापं आहेत. आई जवळ नाही अशा माणसाला कृती देताना किती नेमकं लिहावं लागतं, याचा हा धडाच आहे. वर्गात ‘रुचिरा’ची एखादी प्रत आणून मुलांना चाळायला द्या.

मग गणित. ४ जणांना १ वाटी वाल, तर ३२ जणांना किती? ८ वाट्या. इथपर्यंत सोपं. आता विचारा : ४ जणांचं बिरडं शिजायला २० मिनिटं लागली, तर ३२ जणांचं १६० मिनिटांत शिजेल का? मुलं आधी ‘हो’ म्हणतात, मग थांबतात. त्रैराशिक कुठे लावायचं आणि कुठे नाही, हे कळायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. 

भिवंडीत यासाठी जाणकार पाहुणे मिळतात. यंत्रमाग कामगार जिथे जेवतात त्या भिस्सी आपल्याकडे आहेत. तिथे स्वयंपाक करणारे एखादे पालक असतील तर त्यांना वर्गात बोलवा. शंभर माणसांच्या डाळीत मीठ किती घालतात, ते कसं ठरवतात, हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही बोलवा. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम धान्य असं प्रमाण आहे. म्हणजे ४० मुलांना किती किलो तांदूळ? ६ किलो. रोज खिचडी वाढणाऱ्या ताई त्या दिवशी फळ्यापाशी उभ्या राहून हिशोब सांगतात, तेव्हा मुलांच्या नजरेत पडलेला फरक आपल्यालाही दिसतो.

चौथी तासिका : पदार्थ कुठून आला?

मित्राने पदार्थ करून पाहिल्यावर ही तासिका घ्या. प्रत्येक कृतीखाली एक ओळ सक्तीची : ‘ही कृती मला कुणी दिली, आणि त्यांना कुणी दिली?’ दोन-तीन पायऱ्या मागे गेलं की गावं येतात, लग्नं येतात, स्थलांतर येतं. एखादी कृती तेलंगणातल्या गावातून आलेली निघते, एखादी शेजारणीकडून.

संक्रांतीचं उदाहरण घ्या. मराठी घरांत तिळगूळ. पद्मशाली घरांत त्याच दिवसांत सकिनालू : तांदळाच्या पिठात तीळ, ओवा, मीठ घालून, बोटांनी फडक्यावर गोल वेटोळी घालून तळलेले. एक गोड, एक खारा, पण तीळ दोन्हीकडे आहे. का असेल? हिवाळा आणि तिळाचं नवं पीक, हे मुलं स्वतः शोधून काढतात.

आणि कुणी ‘हा आपला, तो त्यांचा’ असं म्हणू लागलं, तर साबुदाण्याची खिचडी फळ्यावर लिहा. उपासाचा, अगदी देवघराजवळचा पदार्थ. आता घटक बघा. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो. शेंगदाणा, बटाटा, मिरची. या चारही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या. युरोपीय, मुख्यतः पोर्तुगीज जहाजांतून त्या आपल्याकडे आल्या. आपल्या शेजारची वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगिजांकडूनच आला, ‘पाव’ही आणि ‘काजू’ही. म्हणजे आपल्या पणजीच्या पणजीला जी खिचडी कदाचित माहीतही नसेल, ती आज आपल्याला सनातन वाटते. पदार्थ फिरत आले म्हणून आपलं ताट भरलं.

मोठ्या वर्गांसाठी आणखी एक चर्चा घेता येईल : कुणाच्या कृती पुस्तकात आल्या आणि कुणाच्या आल्या नाहीत? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतलं जेवण लिहून ठेवलं, कारण छापील पाकपुस्तकांत ते नव्हतंच. आपल्या वर्गातल्या कातकरी मुलाच्या घरी पावसाळ्यात कुठल्या रानभाज्या शिजतात, त्या कशा ओळखतात, कशा साफ करतात, हे कुठल्या पुस्तकात शोधणार? ते त्या मुलाच्या चिठ्ठीत लिहिलं जाईल, तेव्हाच ते राहील.

शिक्षकांनी सांभाळायच्या गोष्टी

१. पदार्थ मुलाने निवडायचा. शाकाहारी-मांसाहारी अशी विभागणी फळ्यावर करू नका आणि ‘तुमच्याकडे काय काय खातात’ असं जाहीर विचारू नका.

२. जोड्या ठरवताना ज्याला दिली ती कृती घरी चालेल ना, हे मुलाला हळूच विचारा. नको असेल तर मुकाट्याने बदलून द्या, कारण विचारू नका.

३. नंबर, बक्षीस, ‘सर्वोत्तम पदार्थ’ असं काही नको. काजू-बदामाची बर्फी आणि तांदळाची पेज यांची स्पर्धा लावली की पाठ तिथेच संपला.

४. काही मुलांच्या घरी स्वयंपाकघर नावाची जागाच नसते, काहींचे वडील भिस्सीत जेवतात, काहींच्या आईला संध्याकाळी सांगायला वेळ नसतो. अशा मुलांसाठी ताक, लिंबू सरबत, भेळ, शाळेची खिचडी, सगळं चालेल. भेळेची नेमकी कृती लिहिणं तसं सोपं नाहीच.

५. मुलगे सुटणार नाहीत. ‘आईला विचारलं, तिने लिहून दिलं’ हेही चालणार नाही.

६. वर्गात शेगडी नको. घरी करताना मोठं माणूस शेजारी हवं, हे चिठ्ठीच्या वरच छापा. शेंगदाणा, दूध, अंडं, मासे कुणाला सोसत नाहीत का, हे पालकांकडून आधी लिहून घ्या.

मूल्यमापन

गुणदान सोपं ठेवा. मित्राने चार ओळींचा अभिप्राय लिहायचा : काय जमलं, कुठे अडलो, घरच्यांना काय वाटलं, आमच्याकडे काय बदललं. लेखकाने तो वाचून कृतीत किमान दोन दुरुस्त्या करायच्या. पहिला आणि शेवटचा खर्डा यांतला फरक बघून गुण द्या. पदार्थ बिघडला तरी गुण जात नाहीत. कुठे बिघडला हे नेमकं लिहिलं असेल तर उलट जास्त मिळतात.

अभिप्रायातली ‘आमच्याकडे काय बदललं’ ही ओळ लक्ष देऊन वाचा. कुणी बिरड्यात आमसुलाऐवजी चिंच घातलेली असते, कुणी कांदा वगळलेला असतो, कुणी शीर खुर्म्यातला सुकामेवा परवडत नाही म्हणून शेंगदाणे घातलेले असतात. दुसऱ्याचं घेताना आपलं सोडावं लागत नाही, हे मुलांनी स्वतःच्या हाताने केलेलं असतं.

पालकांना दोन शब्द

पालकहो, मूल वही घेऊन स्वयंपाकघरात आलं आणि ‘किती? कधी? का?’ विचारू लागलं, तर ‘जा, अभ्यास कर’ म्हणू नका. हाच अभ्यास आहे. अंदाज सांगताना एकदा वाटीने मोजून दाखवा. तुम्ही घरी ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत सांगा, मराठीत लिहिणं हे त्याचं काम. एखादा मसाला घराबाहेर द्यायचा नसेल तर तोही तुमचा हक्क आहे, ‘घरचा मसाला’ एवढं लिहिलं तरी पुरे.

आणि दुसऱ्या घरातून कृती आली, तर ती करताना नाक मुरडू नका. मूल पदार्थाकडे बघतं त्याहून जास्त तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतं. ‘अरे, हे आमच्या आजीच्या अमक्यासारखंच लागतं’ असं एक वाक्य तुमच्या तोंडून निघालं, तर उद्या शाळेत ते मूल त्या मित्राला पहिलं तेच सांगेल.

सगळ्या कृतींचे शेवटचे खर्डे एका दोनशे पानी वहीत उतरवून घ्या, प्रत्येकाखाली देणाऱ्याचं आणि करून पाहणाऱ्याचं, दोघांचं नाव असू द्या. वही शाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाने आपल्या कृती त्यातच पुढे लिहायच्या. दिवाळी आणि ईदच्या सुट्टीआधी ती पालकसभेत टेबलावर ठेवा, वाचायला माणसं आपोआप जमतील, आणि वही परत मागून घ्यायची आठवण मात्र ठेवावी लागेल.